मैदानी सामन्यांतील साहाय्यक

वार्षिक क्रीडासामन्यांचा दिवस जवळ आला म्हणजे शाळेच्या फलकावर दोन याद्या लागतात. पहिलींत स्पर्धकांचीं नांवें असतात व दुसरींत साहाय्यकांचीं. पहिल्या यादीपुढें मुलांची दाटी होते. दुसऱ्या यादींत आपलें नांव आढळलें तर पुष्कळांचीं तोंडें उतरतात. सायंकाळीं घरीं गेल्यावर आईबापही "बक्षीस कोणतें मिळालें?" असें विचारतात, "तुझ्याकडे काम कोणतें होतें?" असें सहसा कोणी विचारीत नाहीं. जें काम इतकें दुय्यम समजलें जातें, तें वस्तुतः किती जोखमीचें आहे व तें नीट कसें करावें, ह्याचा येथें थोडा विचार करूं.

धांवणाऱ्याचा वेग आणि फेंकणाऱ्याचें बळ हीं क्षणांत प्रकट होतात व क्षणांत नाहींशीं होतात. मागें उरते ती त्यांची नोंद. निकाल पंच देतात हें खरें. परंतु तो निकाल कोणी रोंवलेल्या खुणेवर, कोणी ताणलेल्या फितीवर व कोणी लिहिलेल्या आंकड्यावर उभा असतो. हीं कामें करणारे ते साहाय्यक. श्रम स्पर्धकाचेच, पण त्या श्रमांना न्याय मिळणें हें बऱ्याच अंशीं साहाय्यकाच्या हातीं असतें.

प्रथम धांवण्याच्या शर्यतींकडे वळूं. फक्कीनें रेषा आंखणें, स्पर्धकांना वेळेवर आरंभरेषेपाशीं आणणें, अडथळे मांडणें, हीं साहाय्यकांचीं कामें. अडथळ्यांच्या शर्यतीचेंच उदाहरण घ्या. पुरुषांच्या ११० मीटर शर्यतींत दहा अडथळे असतात. आरंभरेषेपासून पहिला अडथळा १३.७२ मीटरांवर, पुढें प्रत्येक दोन अडथळ्यांमध्यें ९.१४ मीटर, आणि शेवटच्या अडथळ्यापासून अंतिम रेषा १४.०२ मीटरांवर, असें हें माप आहे. दोन अडथळ्यांमध्यें धांवणारा ठराविक पावलेंच टाकतो, आणि त्याचा सर्व सराव त्या मापावरच झालेला असतो. एक अडथळा वीतभर सरकला तर तीं पावलें चुकतात, आणि दोष मात्र धांवणाऱ्याच्या माथीं येतो. शिवाय धांवणारा ज्या बाजूनें येतो त्या बाजूसच अडथळ्याचे पाय असले पाहिजेत. तसे असले म्हणजे धक्का लागतांच अडथळा पुढें कलंडतो. उलट मांडलेला अडथळा सहजीं कलंडत नाहीं, धांवणाराच आपटतो.

घड्याळानें वेळ टिपणाऱ्यानें कानांवर नव्हे, तर डोळ्यांवर विश्वास ठेवावा. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. शंभर मीटरांच्या शर्यतींत अंतिम रेषेपाशीं उभ्या असलेल्या मनुष्याला पिस्तुलाचा बार सुमारें तीन दशांश सेकंद उशिरा ऐकूं येतो. बारा सेकंदांत शंभर मीटर धांवणारा मुलगा तेवढ्या अवधींत अडीच मीटर पुढें गेलेला असतो! म्हणून बाराबरोबर दिसणारा धूर किंवा चमक पाहून घड्याळ सुरू करावें. धांवणाऱ्याचें धड अंतिम रेषेला पोंचतांच तें थांबवावें. डोकें, हात किंवा पाय आधीं पोंचला तर तो धरूं नये. एका धांवणाऱ्यासाठीं तीन घड्याळें असलीं व त्यांपैकीं दोन जुळलीं, तर तीच वेळ मानतात. तिन्ही वेगळीं निघालीं तर मधली वेळ घेतात. म्हणून शेजाऱ्याच्या घड्याळांत डोकावून आपला आंकडा बदलणें हा मोठा अपराध होय. तिघांनीं स्वतंत्रपणें पाहिलें तरच तिघांचा उपयोग.

लांब पल्ल्याच्या शर्यतींत फेऱ्या मोजणें, त्यांचा आंकडा धांवणाऱ्यांना दाखविणें व शेवटच्या फेरीला घंटा वाजविणें, हें काम अगदीं सोपें वाटतें. परंतु १९३२ सालीं लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक सामन्यांत काय घडलें तें ऐका. तीन हजार मीटरांच्या अडथळा-शर्यतीचा अंतिम सामना चालला होता. फेऱ्या मोजणाऱ्याकडून एक फेरी मोजावयाची राहिली, आणि सर्व स्पर्धक एक फेरी अधिक, म्हणजे एकूण सुमारें ३४६० मीटर, धांवले. फिनलंडचा व्होल्मारी इसो-होलो बराच पुढें होता. त्याचा पहिला क्रमांक ढळला नाहीं. पण तीन हजार मीटर पुरे झाले तेव्हां दुसरा असलेला अमेरिकेचा जोसेफ मॅक्लस्की ह्याला त्या जादा फेरींत इंग्लंडच्या टॉमस इव्हन्सननें मागें टाकलें, आणि तो तिसरा ठरला. जगांतील निवडक धांवपटूंच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा क्रम एका मनुष्याच्या घटकाभराच्या दुर्लक्षानें बदलला!

आतां उड्या व फेंकी. लांब उडींत वाळूवर उमटलेल्या खुणांपैकीं उडीच्या फळीला सर्वांत जवळची खूण धरतात; उडी मारणाऱ्याचा हात मागें टेंकला असेल, तर पायांची नव्हे, त्या हाताची. म्हणून माप घेऊन तें लिहिलें जाईपर्यंत वाळूंत दंताळें फिरवूं नये. एकदां वाळू सारखी झाली कीं पंचांनाही कांहीं करतां येत नाहीं. गोळाफेक व थाळीफेक ह्यांत फितीचें शून्याचें टोंक गोळ्याच्या किंवा थाळीच्या खुणेवर धरावें, फीत वर्तुळाच्या मध्यबिंदूवरून ताणावी, आणि माप वर्तुळाच्या आंतल्या कडेवर वाचावें. फीत तिरपी धरली कीं माप चुकतें.

फेंकीच्या क्षेत्रांत उभ्या असलेल्या मुलानें वर्तुळाकडे कधींही पाठ करूं नये, आणि गोळा, थाळी किंवा भाला परत फेंकूं नये; हातांत घेऊन चालत आणून द्यावा. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोग्रॅम वजनाचा असतो. तो उडत येतांना आवाज करीत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

त्याच १९३२ च्या लॉस एंजेलिस येथील सामन्यांत फ्रान्सच्या ज्यूल नोएल ह्यानें थाळीची एक फार लांब फेंक केली. परंतु अधिकाऱ्यांचें लक्ष त्या वेळीं मैदानाच्या दुसऱ्या भागांत चाललेल्या बांबूउडीकडे लागलें होतें. थाळी कोठें पडली हें कोणीच पाहिलें नाहीं! नोएलला आणखी एक फेंक देण्यांत आली. पण तशी फेंक पुन्हां साधली नाहीं, आणि तो चौथा राहिला. बांबूउडी रंगांत आली होती ह्यांत नवल नाहीं. मन तिकडे ओढ घेणारच. म्हणूनच ज्याला थाळीवर नजर ठेवण्यास नेमलें आहे, त्यानें सभोंवार टाळ्यांचा कडकडाट झाला तरी मान वळवूं नये. साहाय्यकाचा त्याग तो हाच.

येथवर दुर्लक्षाचा विचार झाला. पण अति कळवळाही घातक असतो. १९०८ सालीं लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत मॅरेथॉन शर्यतीच्या शेवटीं इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांच्या आधीं क्रीडांगणांत आला. पण थकव्यानें तो वारंवार कोसळूं लागला. अधिकाऱ्यांना त्याची दया आली. त्यांनीं त्याला उठविलें, सांवरलें आणि अंतिम रेषेपार पोंचविलें. परिणाम असा झाला कीं परक्या साहाय्यामुळें तो बाद ठरला व अमेरिकेच्या जॉन हेजला विजय मिळाला. पुढें राणी अलेक्झांड्रा हिनें पिएत्रीला एक पेला देऊन त्याच्या धैर्याचा गौरव केला, पण पदक कांहीं मिळालें नाहीं. तेव्हां आपल्या वर्गाचा किंवा आपल्या घरचा मुलगा धांवत असला, तरी साहाय्यकानें त्याला हात देऊं नये व सेंटिमीटरभरही माप वाढवूं नये. पडून दुखापत झालेल्याला मदत करणें हें अर्थात् आधीं. मात्र मग निकालाचा लोभ धरूं नये. आणि स्वतःकडून चूक झालीच, तर ती तत्काळ पंचांना सांगावी. लपविलेली चूक दुसऱ्याचें बक्षीस घेऊन जाते.

शेवटीं पालकांस एक विनंती. सामन्यांच्या दिवशीं तुमचा मुलगा किंवा मुलगी रिकाम्या हातानें घरीं येईल. बोटांना फक्की लागलेली असेल, पायांत वाळू असेल. तेव्हां बक्षिसाची चौकशी करूं नका. "आज तूं काय मोजलेंस, आणि तें बरोबर मोजलेंस ना?" एवढेंच विचारा. ह्या प्रश्नाला जो मान वर करून "होय" म्हणूं शकेल, त्याच्यावर उद्यां दुकानाचा हिशेब, औषधाचें माप किंवा दुसऱ्याचा ठेवा निर्धास्तपणें सोंपवितां येईल.