मोबाइल काढून घेण्याआधी

आरोग्य शिबिरात मोबाइलचा विषय निघाला की पालक डोळे आणि मानेच्या तक्रारी सांगतात. त्या खऱ्याच आहेत. आज मात्र आम्ही लिहितो आहोत ते मूल सांगत नाही त्या दुखण्याबद्दल.

चौदा वर्षांच्या मुलाला इन्स्टाग्रामवर मुलीच्या नावाने रिक्वेस्ट येते. दोन दिवस गोड बोलणे, मग व्हिडिओ कॉल, कपडे काढायचा आग्रह. समोरचा ते रेकॉर्ड करतो आणि धमकी येते: पैसे पाठव, नाहीतर शाळेत सगळ्यांना दाखवतो. मुलींना छळणारा अनेकदा ओळखीचाच असतो आणि पैशांऐवजी आणखी फोटो मागतो. मूल जेवत नाही, झोपत नाही, पोट दुखते म्हणून शाळा बुडवते. तपासणीत काही निघत नाही. तेव्हा औषधे बदलण्यापेक्षा मुलाजवळ एकटे बसून शांतपणे विचारावे.

मूल गप्प राहते, कारण पुढचे त्याला माहीत असते: मोबाइल जाईल, मार बसेल. मुलीला तर शाळा सुटण्याची आणि स्थळे बघितली जाण्याची भीती. धमकी देणारा याच भीतीवर जगतो. म्हणून पासवर्डच्याही आधी पालकांनी शब्द द्यावा: "काहीही झाले तरी आम्हाला सांग, तुझे शिक्षण थांबणार नाही." शिक्षणासाठी एवढे सोसलेल्या समाजाने एका भामट्यापायी मुलीचे दप्तर काढून घ्यावे का?

धम्मवर्गात कालाम सुत्त शिकवतोच. ऐकीव आहे म्हणून मानू नका, हा धडा मोबाइललाही लावावा. हा फोटो तिचाच कशावरून? घरी सांगू नको असे का म्हणते? मुले फार छान प्रश्न काढतात, मोठ्यांपेक्षा बरे.

प्रसंग आलाच तर पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नये. प्रोफाइल, नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट ठेवून मगच ब्लॉक करावे. मुलाचा नग्न फोटो पुरावा म्हणूनही नातेवाइकांना पाठवू नये, तो गुन्हा ठरतो. 'टेक इट डाउन' या मोफत सेवेत फोटो फोनबाहेर जात नाही. त्याची फक्त डिजिटल खूण इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्यांना मिळते. व्हॉट्सअॅपच्या खासगी चॅटवर मात्र तिचा उपयोग नाही. मदतीसाठी १०९८ ही चाइल्डलाइन. पैसे गेले असतील तर लगेच १९३०.

पोलिसांची भीती वाटते, हे आम्ही जाणतो. पण २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला फौजदाराने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. हे तिथे ठामपणे सांगावे.

१४ एप्रिलचा फोटो टाकला म्हणून जातिवाचक शिव्या आल्या, तर त्याही मुलांना गिळायला लावू नयेत. ऑनलाइन अपमानही अॅट्रॉसिटी कायद्यात बसू शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. स्क्रीनशॉट इथेही हवाच.

झोप आणि भूक परतली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. मूल मरणाची भाषा बोलले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी १४४१६ वर टेली-मानसला फोन करावा. तिथे मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.