तुमच्या स्वतःवर काय गुजरले?

शास्त्रपाठ : लूक १८ : १–८

युद्ध थांबले किंवा जुलमी राजवट गेली म्हणजे न्याय झाला असे आपण समजतो. वास्तविक न्यायाचे काम तेथून सुरू होते. त्यात स्त्रियांच्या पदरी काय पडते, या विषयावर आज अनेक विद्यापीठांत पीएच.डी.चे संशोधन चालते. त्या अभ्यासात वारंवार येणारे दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण आपण या पाठात पाहू.

१. आयोगाची नेमणूक

१९९४ साली तेथील वर्णद्वेषी राजवट संपली. १९९५ च्या कायद्याने ‘सत्य व समेट आयोग’ स्थापन झाला. आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते. १९६० ते १९९४ या काळातील खून, अपहरण, छळ व गंभीर दुर्वर्तन यांची चौकशी आयोगाने करावयाची होती. राजकीय हेतूने गुन्हा करणाऱ्याने सर्व सत्य उघड केले, तर त्याला माफी मिळू शकत असे.

२. साक्ष कोणाविषयी?

एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन येथे पहिली सुनावणी झाली. १९८५ साली ठार मारलेल्या फोर्ट कलाटा यांची विधवा नोमोंडे साक्ष देताना हंबरडा फोडून रडली. तो आक्रोश सगळ्या देशाने ऐकला. पुढे २१ हजारांहून अधिक लोकांनी निवेदने दिली; त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. परंतु बहुतेकींनी सांगितले ते पतीविषयी, मुलाविषयी, भावाविषयी. ज्यांनी स्वतः तुरुंगवास, मारहाण व अत्याचार सोसले होते, त्याही स्वतःविषयी गप्प राहिल्या. लाज होती, आणि मुलाबाळांना कळेल ही भीतीही होती. जोहान्सबर्गच्या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९६ मध्येच ही उणीव आयोगाला लेखी कळविली.

३. आयोगाने काय केले?

आयोगाने ते ऐकले. केपटाउन, डर्बन व जोहान्सबर्ग येथे स्त्रियांसाठी खास सुनावण्या झाल्या. निवेदनाच्या छापील अर्जावर एक सूचना घालण्यात आली. तिचा आशय असा की, नातलगांविषयी सांगा, पण तुमच्या स्वतःवर काय गुजरले तेही सांगायला विसरू नका. तरीही बोलणे सोपे झाले नाही. जोहान्सबर्गच्या सुनावणीत प्रास्ताविक करणाऱ्या थेंजिवे म्तिन्त्सो स्वतः तुरुंगात छळ सोसलेल्या होत्या. आपल्या जखमा उघड करणे किती कठीण आहे, हे त्यांनीही सांगितले.

४. काय उरले?

१९९८ च्या अहवालात स्त्रियांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात आयोगाने आपली उणीवही मान्य केली. पासच्या कायद्यांमुळे मोडलेले संसार, घरादारातून हुसकावलेली कुटुंबे, म्हणजे सामान्य स्त्रीचे रोजचे हाल, कायद्याच्या व्याख्येत बसलेच नाहीत. माफी मिळालेला गुन्हेगार लगेच मोकळा झाला. पीडितांना मात्र २००३ पर्यंत थांबावे लागले, आणि मिळाले ते एकदाच ३० हजार रँड. आयोगाने सुचविलेल्या रकमेपेक्षा ते पुष्कळच कमी होते. समेटाचा भार अशा रीतीने विधवेच्याच डोक्यावर अधिक पडला.

५. आपल्यासाठी बोध

आपल्या शास्त्रपाठातील विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते आणि स्वतःसाठी न्याय मागते. तिचे हे मागणे प्रभूने दोषाचे मानले नाही. उलट तिला प्रार्थनेचा नमुना म्हणून पुढे ठेवले. तेव्हा घरातील वा मंडळीतील तंटा मिटविताना ‘क्षमा कर’ असे बहिणीला सांगण्यापूर्वी आपण तिचे पूर्ण ऐकले का, हे पाहावे. तिच्याजवळ बसून ऐकणारी एखादी वडीलधारी बाई नेमावी. ऐकलेले चव्हाट्यावर जाऊ देऊ नये. न ऐकता केलेला समेट हा समेट नव्हे. तो केवळ गप्प बसविणे होय.

विचारासाठी प्रश्न

१. स्त्रिया दुसऱ्याचे दुःख सांगतात, स्वतःचे का सांगत नाहीत?
२. क्षमा आणि भरपाई यांचा संबंध काय?
३. आपल्या मंडळीत तक्रार ऐकण्याची रीत कोणती? तीत काय बदलावे?