आवाज कुणापर्यंत पोहोचवायचा? इलेक्ट्रिक व्हायोलिन घेताना

पहाटे साडेपाचला रियाजाला बसायची माझी जुनी सवय. वाड्यात राहत होतो तोवर ती खपून गेली. इमारतीत राहायला आलो आणि आठवड्याच्या आत खालच्या मजल्यावरची सून दारात उभी. "काका, वाजवता छान हो, पण बाळ आत्ता कुठे झोपलंय." तिचं काहीच चुकलं नव्हतं. साधं लाकडी व्हायोलिन वाजवणाऱ्याच्या डाव्या कानाशी सहज 85 ते 95 डेसिबल आवाज करतं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेची मर्यादा 45 डेसिबलची आहे. म्हणजे माझा भूप तिच्या छतातून खाली उतरत होता.

त्याच संध्याकाळी मी ऑनलाइन साडेनऊ हजारांचा इलेक्ट्रिक व्हायोलिनचा संच मागवला. व्हायोलिन, गज, पेटी, हेडफोन, सगळं एकत्र. खोकं उघडलं तर घोडी वरून जवळजवळ सपाट, त्यामुळे गज एका तारेवर टेकवला की शेजारची तारही बोलायची. खुंट्या सुरात लावून हात काढेपर्यंत उतरायच्या. हेडफोनमध्ये सुरामागे सतत "सूं…" दोन महिन्यांत ते भिंतीवर लटकलं. दुसऱ्यांदा मात्र घाई केली नाही. चार दुकानं पालथी घातली, वाजवणाऱ्यांना विचारलं. तेव्हा कळलं ते एवढंच: आवाज फक्त आपल्या कानांपर्यंत जायला हवा की सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत, हे आधी ठरवायचं. या दोन वेगळ्या खरेद्या आहेत.

आधी पाचशे रुपये खर्च करून पाहा

गरज फक्त शेजाऱ्यांची झोप सांभाळण्याची असेल, तर आधी रियाजाचं म्यूट घ्या. घोडीवर बसणारा हा रबरी ठोकळा दोनशे ते सातशे रुपयांत मिळतो. घोडीची थरथर तो दाबून धरतो, त्यामुळे आवाज भिंतीपलीकडे फारसा जात नाही. धातूचं म्यूट आवाज आणखी कमी करतं, पण ते निसटून पडलं तर पॉलिशवर खोच पाडतं. म्यूट लावल्यावर सूर बारीक आणि नाकातला वाटतो. अलंकार-पलटे घोटायला तेवढं पुरतं, रागाच्या विस्ताराला मात्र कंटाळा येतो. महिनाभर म्यूटवर भागलं, तर पुढचा खर्च वाचला.

"सायलेंट" म्हणजे मुकं नव्हे

लाकडी व्हायोलिनचा आवाज त्याच्या पोकळ पेटीतून येतो. इलेक्ट्रिक व्हायोलिनला ती पेटी नसते. शरीर भरीव किंवा नुसती चौकट, आणि घोडीखाली बहुधा पिझो पिकअप. तारेची थरथर तो विजेच्या संकेतात बदलतो. यामाहाने 1997 साली "सायलेंट व्हायोलिन" या नावानेच असं वाद्य बाजारात आणलं, आणि तेव्हापासून हे नाव रुळलं.

तरी गज तारेवर फिरला की आवाज होणारच. बंद खोलीबाहेर तो जवळजवळ जात नाही, पण त्याच खोलीत कुणी झोपलं असेल तर त्याला ऐकू येतो. "घरात कुणाला कळणारही नाही" असं दुकानदार म्हणाला, तर हेडफोन न लावता दोन मिनिटं वाजवून दाखवा म्हणावं.

प्रकार तीन, त्यांची कामं वेगळी

पहिला प्रकार हेडफोनवाला. पिकअपचा संकेत वाढवणारा, बॅटरीवर चालणारा प्रीअँप वाद्यात किंवा वेगळ्या डबीत असतो. यामाहाच्या वायएसव्ही 104 मध्ये ही डबी कमरेला अडकवता येते. दोन पेन्सिल सेल, हेडफोनचं भोक, बाहेरचा आवाज आत घ्यायची सोय आणि थोडी घुमाऱ्याची सोय, म्हणजे रिव्हर्ब. रियाजासाठी हाच प्रकार.

दुसरा मंचावरचा. उदाहरण म्हणजे यामाहाचाच वायईव्ही 104. यात बॅटरी नाही, म्हणून हेडफोनही नाही. आवाजाची एक घुंडी आणि जॅक, बस्स. दिसतो देखणा, पण रात्री घरात वाजवायला अँप किंवा वेगळा प्रीअँप लागतोच. दोन्ही मॉडेल दुकानात शेजारी टांगलेली असतात आणि चुकून हा उचलणारे कमी नाहीत.

तिसरा प्रकार म्हणजे आपलं लाकडी व्हायोलिन आणि त्यावर पिकअप. घरी आवाज तेवढाच राहतो, शेजारी काही सुटत नाहीत. पण मंचावर माईकसमोर खिळून बसायची गरज उरत नाही आणि लाकडाचा गोडवा टिकतो. फक्त कार्यक्रमच करायचे असतील तर बहुतेकांना हा मार्ग स्वस्त आणि बरा पडतो.

पाच तारांची वाद्यंही मिळतात, यामाहाचं वायईव्ही 105 हे त्यातलंच. पाश्चात्त्य पद्धतीत पाचवी तार खालच्या 'सी' सुराची असते, आपल्याकडे तिच्यावर खर्जाची मजा येते. पण मान रुंद होते, बोटांची सवय मोडावी लागते. पहिलंच इलेक्ट्रिक असेल तर चार तारांवर थांबा.

दुकानात चटई मागा

ही गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते, कारण ही वाद्यं उभं राहून वाजवणाऱ्यांसाठी आखलेली असतात. आपण मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवतो आणि दुसरं टोक डाव्या खांद्याजवळ छातीशी येतं. चौकटीच्या इलेक्ट्रिक व्हायोलिनला काही वेळा नेमका तोच भाग नसतो, किंवा असला तरी टोकदार असतो. काही मॉडेलच्या शेंड्याला लाकडी वळण नसतं, त्यामुळे पाऊल घसरतं. डबीची वायर मांडीखाली येऊन ओढली जाते. काही वाद्यांची आवाजाची घुंडी नेमकी छातीशी घासते, आणि मींड घेताना आवाज आपोआप वर-खाली होतो.

म्हणून दुकानात खाली बसून निदान पंधरा मिनिटं वाजवा. लांब मींड घ्या, हात वरच्या सप्तकापर्यंत न्या. लाकडी व्हायोलिन साधारण 400 ते 450 ग्रॅम भरतं. इलेक्ट्रिक त्याहून बरंच जड असू शकतं, आणि तो फरक पंधराव्या मिनिटाला मनगटात जाणवतो. दुकानदाराला विचित्र वाटेल, वाटू द्या. गोव्यात चर्चच्या वादकवृंदात उभं राहून वाजवणाऱ्यांनी मात्र आपली खांद्याची पट्टी सोबत न्यावी. चौकटीवर ती नीट बसते की नाही हे लावूनच कळतं.

सुरात लावतानाही आपली वेगळी अडचण आहे. कारखान्यातून वाद्य जी-डी-ए-ई असं लावून येतं. आपण ते षड्ज-पंचमात लावतो, आणि गायकाच्या पट्टीप्रमाणे वर-खालीही करतो. त्यामुळे टेलपीसवर चारही तारांना फाइन ट्यूनर आहेत का ते पाहा, आणि आपल्या पट्टीत लावून पाच मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात खुंटी उतरली, तर ती मंचावरही उतरणार.

खिशाचं गणित

हे आकडे ढोबळ आहेत. आयात माल असल्याने डॉलर हलला की किंमत हलते. जीएसटीसह लेखी किंमत मागूनच तुलना करा.

- आठ ते पंधरा हजार: ऑनलाइन मिळणारे संच. घोडी आणि खुंट्यांची डागडुजी गृहीत धरा. माझा अनुभव वर सांगितलाच आहे.
- वीस ते पस्तीस हजार: स्टॅगसारख्या कंपन्यांची सुरुवातीची वाद्यं. हेडफोन असतो, आवाज कामचलाऊ. फक्त रियाज असेल तर पुरे.
- पंचावन्न ते नव्वद हजार: यामाहाची वर सांगितलेली वाद्यं या टप्प्यात. गज आणि पेटी बऱ्याचदा वेगळी घ्यावी लागते.
- लाखाच्या पुढे: यामाहाची वरची मॉडेलं आणि एनएस डिझाइनची वाद्यं. कार्यक्रमांवर घर चालत असेल तरच.

आता न दिसणारा खर्च. घोडी आणि खुंट्या जाणकाराकडून बसवून घ्यायला एक ते अडीच हजार. तारांचा संच दीड हजारांपासून पाच-सहा हजारांपर्यंत. कान झाकणारे वायरचे हेडफोन दोन ते चार हजार. बरा गज चार हजारांपुढे. केबल आठशे ते दीड हजार. म्हणजे पंचवीस हजारांचं वाद्य घरी येईतो पस्तीस हजारांना पडतं. लाकडी व्हायोलिनचा गज आधीच चांगला असेल तर तोच वापरा, नवा घेऊ नका.

लाकडी व्हायोलिनवर पिकअप बसवायचा तर चिमट्याचा साधा पिझो हजाराच्या आसपास मिळतो. घोडीच्या फटीत बसणारा चांगला पिकअप, उदाहरणार्थ फिशमनचा, बारा ते वीस हजार. त्याच्या जोडीला प्रीअँप-डीआय, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्या मधे बसणारी डबी, पाच ते वीस हजार.

हेडफोनवर रियाज

ब्लूटूथ हेडफोन इथे चालत नाहीत. त्यांत आवाज सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या हिश्श्याइतका मागे राहतो. गज पुढे आणि सूर मागे, तालात बसणंच अशक्य. वायरचेच घ्या. आवाज आत घ्यायचं भोक असेल तर फोनवरचा तानपुरा आणि तबला त्यातून सोडा. फोनला हेडफोनचं भोक नसेल तर दोन-तीनशे रुपयांची जोडणी लागेल. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला आवाज बाहेर द्यायची सोय असेल, तर तोही जोडता येतो.

शेजारी सुटले म्हणून कानांचा बळी देऊ नका. रोजच्या आठ तासांसाठी 85 डेसिबल ही मर्यादा धरतात, आणि त्यावर दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन. हेडफोनमधून तानपुरा पार्श्वभूमीला राहील इतकाच आवाज ठेवा.

आणि रियाजात रिव्हर्ब बंद. घुमाऱ्यात कच्चा स्वरसुद्धा गोड वाटतो, मींड कुठे चुकली ते कळतच नाही. गजानन जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी हे विलायती वाद्य गळ्याच्या जवळ नेलं. ती मींड कोरड्या आवाजातच तपासावी लागते.

मंचावर

पिझोचा स्वर थेट मिक्सरच्या भोकात घातला तर तो पत्र्यासारखा वाजतो. कारण साधं आहे. पिझोला पुढे निदान दहा लाख ओहम, म्हणजे एक मेगाओहम, प्रतिरोधाचं भोक लागतं. मिक्सरचं भोक काही हजार ओहमचं असतं, त्यात खालचे स्वर गळून जातात. मधे प्रीअँप किंवा तसा डीआय बॉक्स आला की फरक लगेच ऐकू येतो. वाद्यातच बॅटरीवरचा प्रीअँप असेल तर साधा डीआयही चालतो.

अँपच घ्यायचा तर अकूस्टिक गिटारसाठीचा किंवा कीबोर्डसाठीचा घ्या. इलेक्ट्रिक गिटारचा अँप आवाज मुद्दाम रंगवून देतो. ध्वनिव्यवस्थापकाला आधीच सांगा, "तीव्र स्वर दोन ते चार किलोहर्ट्झच्या आसपास थोडे कापा." पिझोचा टोचरेपणा बहुधा तिथेच असतो. इलेक्ट्रिकचा मोठा फायदा इथे दिसतो. तबल्याशेजारी आणि मॉनिटरसमोर बसलं तरी शिट्टी येत नाही, कारण थरथरणारी पेटीच नाही. फ्यूजन बँड, ड्रम, लग्नाचा मांडव, तिथे हेच वाद्य खरं. छोट्या बैठकीत मात्र एका साध्या माईकसमोरचं लाकडी व्हायोलिन अजून बाजी मारतं.

बॅटरी कार्यक्रमाच्या सकाळी बदला आणि एक जास्तीची खिशात ठेवा.

जुनं घेताना

बॅटरीची खोबण उघडून पाहा. पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसली तर सेल गळून गेलेला आहे. जॅकमध्ये केबल हलवा, कर्रकर्र झालं तर सोल्डर सैल. घोडीवर एकेक तार सारख्या जोराने वाजवा. एखादी दबकी लागली तर पिकअप गेलेला असू शकतो. विकणाऱ्याला विचारा, दुरुस्ती कोण करतं? लाकडाचा कारागीर घोडी बसवून देईल, पण वायरीला बहुधा हात लावणार नाही. मुंबईत धोबी तलावासारख्या जुन्या वाद्यबाजारात गेलात तर हा प्रश्न खरेदीआधीच सोडवून या. ऑनलाइन घेत असाल तर परत करायची मुदत वाचा, आणि खोकं उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करा.

लाकडी व्हायोलिन विकू नका

नवं आलं की जुनं काढून पैसे वसूल करायचा मोह होतो. आवरा. माझं आता असं चालतं. सोमवार ते शनिवार पहाटे हेडफोन, आणि रविवारी सकाळी अकरा वाजता लाकडी व्हायोलिन. पहिली दहा मिनिटं गज खरखरतो, पंचम थोडा चढा लागतो, सहा दिवस बोटांनी केलेल्या लबाड्या पेटीतून मोठ्याने बाहेर येतात. खालच्या बाळाला तोवर जाग आलेली असते, आणि आठवड्याचा हिशेब मलाही ऐकू येतो.