रिमोटचं विमान: दहा हजार कुठे घालायचे?

चांदूर बाजारसारख्या गावात रेडिओ कंट्रोलचं विमान उडवायचं, तर हिशेब विमान पडणार हे धरूनच मांडावा. नवशिक्याचं विमान पडतंच. म्हणून पैसा पडल्यावरही शाबूत राहणाऱ्या वस्तूंत घाला.

सगळ्यात मोठा खर्च रेडिओचा. सहा चॅनलचा ट्रान्समीटर रिसीव्हरसकट साधारण ५,००० रुपयांना येतो, पण तो हातातच राहत असल्यामुळे पुढच्या कितीतरी विमानांना पुरतो. २२०० एमएएचची तीन सेलची लिपो बॅटरी १,८०० च्या घरात, साधा बॅलन्स चार्जर ५००. ब्रशलेस मोटर, तिचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी आणि चार छोटे सर्वो मिळून दीड हजार. प्रोपेलर ८० रुपयांना एक. तीन तरी घ्या. विमान मात्र विकत घेऊ नका. चिवट फोमशीट, गोंद, टेप यांत ते पाचशेत घरी होतं. रेडिओ संगणकाला जोडून सिम्युलेटरवर सराव करायची केबल धरून बेरीज दहा हजारांवर जाते. भाव दुकानागणिक बदलतात. माल पुण्या-मुंबईहून कुरिअरने येतो.

त्या केबलवर काटकसर नको. विमान समोरून आपल्याकडे येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, अंगठा चुकीकडे जातो आणि विमान मातीत. ही सवय सिम्युलेटरवर फुकटात मोडते.

उडवण्याआधी पंखाखाली, पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांशावर बोटं टेकवून विमान उचला. शेपूट खाली गेली, तर बॅटरी पुढे सरकवा. शेपटीकडे जड विमान अनुभवी माणसालाही आवरत नाही. तोल बरोबर असला, की हातातून सुटलेलं विमान सरळ वर चढतं आणि अंगठ्याच्या इशाऱ्यावर वळतं. त्या आनंदाला खरंच तोड नाही! एका बॅटरीवर तो सात-आठ मिनिटं मिळतो. साधा चार्जर ती भरायला तीनेक तास घेतो. परवडलं तर दुसरी बॅटरी घ्याच.

जागेला भाडं नाही, हे आपल्या भागाचं भाग्य. पऱ्हाट्या काढून मोकळं झालेलं वावर, मालकाला विचारून, सकाळी वारा उठायच्या आत. उतरताना ढेकळांवर प्रोपेलर मोडतो. संत्र्याच्या बगिच्यापासून लांब राहा. तिथून विमान काढताना फोमही फाटतो आणि शेतकऱ्याचा मालही झडतो. विजेच्या तारेवर अडकलेलं विमान काढायला जाऊ नका. मे महिन्यात लिपो बंद गाडीत ठेवू नका, आणि फुगलेली पुन्हा चार्ज करू नका, आग लागते.

ड्रोन नियम २०२१ नुसार छंदासाठीच्या, २५ किलोपर्यंतच्या आणि नजरेच्या टप्प्यातच उडवायच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. तरी पूर्वपरवानगी न लागणाऱ्या हिरव्या क्षेत्रातही उंचीची मर्यादा ४०० फूट आहे. सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा आणि नोंदणीचे नियम आधी बघून घ्या.

दहा हजार एकदम झेपत नसतील, तर आधी रेडिओ आणि केबल एवढंच घ्या. विमान महिन्याभराने बनवा.