आजी बोलल्या तेव्हा रेकॉर्डर बंद होता

पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी, त्यांच्या ‘माझा प्रवास’मधली झाशी आज कुठं सापडते ते पाहायला आम्ही चौघं विद्यार्थी गेलो होतो. करायचा होता लघुपट आणि त्याच्या जोडीला पाच मिनिटांचा चिंतनपर व्हिडिओ: फिल्म करताना काय ठरवलं, काय बदललं, का बदललं. आम्ही सगळा जीव फिल्ममध्ये ओतला. व्हिडिओ शेवटी एका बैठकीत उरकू, असं मीच म्हणाले होते.

1842 साली लक्ष्मीबाईंचं लग्न जिथं लागलं, त्या गणेश मंदिरातलं शूटिंग आटोपून आम्ही वायरी गुंडाळत होतो. दर्शनाला आलेल्या एक मराठी आजी थांबल्या. घराणं कित्येक पिढ्या झाशीतलं, मराठीला बुंदेलीचा हेल. क्लॅपबोर्डवरचं ‘राणीची झाशी’ त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, ‘राणी काय म्हणता? आमच्या घरात बाईसाहेब म्हणतात.’

त्या एका शब्दानं आमची फिल्म फिरली. तोवर किल्ला, तोफा, तटबंदी एवढंच चाललं होतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही मराठी घरांची दारं ठोठावली. निवेदन नव्यानं लिहिलं, शीर्षक ‘बाईसाहेब’ केलं.

पण त्या क्षणाचं आमच्याकडे काहीच नव्हतं. रेकॉर्डर पिशवीत गेला होता. व्हिडिओला बसेपर्यंत महिना उलटला, आजींचं वाक्य चौघांना चार तऱ्हांनी आठवत होतं. मग भिंतीपुढे खुर्ची ठेवून ‘खूप शिकायला मिळालं’ असं आळीपाळीनं बोललो. परीक्षकांनी विचारलं, ‘शीर्षक का बदललंत?’ उत्तर होतं. दाखवायला एक फ्रेम नव्हती.

गोडसे भटजींनी 1858चा वेढा झाशीत राहून सोसला आणि लिहिलं सुमारे पाव शतकानंतर. पुस्तक 1907मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापलं. जीव मुठीत धरून पाहिलेलं तसं टिकतं. शूटिंगच्या धावपळीतलं नाही टिकत. पहिल्यापासून असंच ठरलं होतं, असं आपल्याला मनापासून वाटायला लागतं.

म्हणून चिंतनाचं शूटिंग पहिल्याच दिवशी सुरू करा. रोज पॅकअपला प्रत्येकानं मोबाइलवर दोन मिनिटं बोलावं: आज काय ठरल्यासारखं झालं नाही, मग काय केलं. आवाज थकलेला असला तरी चालेल. फसलेले टेक पुसू नका, पटकथेच्या खोडलेल्या पानांचे फोटो तारखेसकट ठेवा. राणी महालासारख्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. ती आमच्याकडे नव्हती, म्हणून तिथली दृश्यं कॅमेरा हातात धरून घेतली. फिल्म पाहणाऱ्याला हे कळत नाही. ते सांगायची जागा हा व्हिडिओच.

एडिटला एकच बदल निवडा. आधीचा टेक, बदलायला लावणारी गोष्ट, नंतरचा टेक, यात पाच मिनिटं सहज भरतात.

रेकॉर्डर सगळ्यात शेवटी बांधा, आणि कुणी बोलायला थांबलं तर विचारून चालू करा. आम्ही विचारलं असतं, तर आजी नाही म्हणाल्या नसत्या.