बेटावर पूर्ण दिवस किती, ते आधी विचारा

ब्रिटनमध्ये मुलांकडे राहायला जाणाऱ्या आई-वडिलांना 'स्काय बेट बघून या' असे कुणीतरी हमखास सुचवते. सूचना योग्यच आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतचे हे बेट डोळ्यांचे पारणे फेडणारे आहे. मुलांना रजा नसते, म्हणून आपण एडिंबराहून गाईडसह निघणाऱ्या छोट्या बसची तीन दिवसांची सहल निवडतो. आम्ही उभयतांनीही तेच केले. त्या अनुभवावरून कळकळीने सांगतो, तीन दिवसांच्या सहलीत बेट वाट्याला येते ते एकच दिवस.

एडिंबरा ते स्कायमधले मुख्य गाव पोर्ट्री हे अंतर साधारण 380 किलोमीटर. कुठेही न थांबता पाच-सहा तास लागतात आणि सहलीची बस तर थांबत थांबतच जाते. 1692च्या हत्याकांडाची आठवण वागवणारी ग्लेन्कोची दरी, मग समुद्राच्या तीन खाड्या मिळतात तिथला आयलीन डोनन किल्ला. 1995 साली पूल झाल्यापासून बेटावर जायला बोटीची वाट बघावी लागत नाही, तरी पोर्ट्रीला पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तिसऱ्या दिवशी न्याहारी उरकली की लॉख नेसमार्गे परतीचा रस्ता. उरतो मधला दिवस.

आमच्या त्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागली. ओल्ड मॅन ऑफ स्टॉर हा उंच सुळका ढगात पार बुडाला होता. वाहनतळावर उभे राहून गाईड हाताने दाखवत होता, 'तो तिथे आहे', आणि आम्हाला दिसत होते फक्त पांढरे धुके. क्विरँगच्या कड्यांपाशी फोटोपुरते थांबलो. फेअरी पूल्स हे ओढ्यातले डोह वेळेअभावी गळाले. माहितीपत्रकात ही सगळी नावे ठळक होती. 'हवामानानुसार बदल संभवतो' हे मात्र तळाला, बारीक अक्षरांत. मुक्कामाचे घरही पोर्ट्रीपासून बरेच लांब निघाले. रात्रीचे जेवण सहलीत धरलेले नव्हते आणि टॅक्सी मिळेना. लेकीने दिलेल्या दशम्या-चटणीवर रात्र भागली.

म्हणून पैसे भरण्याआधी पहिला प्रश्न विचारा: बेटावर पूर्ण दिवस किती? दोन तरी हवेतच. एक पावसाने खाल्ला तरी दुसरा उरतो. म्हणजे सहल चार-पाच दिवसांची घ्या. दुसरा प्रश्न: मुक्काम पोर्ट्री गावातच, चालत जेवायला जाता येईल असा आहे का? उन्हाळ्यात तिथे खोल्या लवकर भरतात, उपाहारगृहांतही टेबल आधी राखून ठेवावे लागते. तिसरा: प्रत्येक ठिकाणी बस किती वेळ थांबणार? स्टॉरच्या पायथ्यापासून सुळक्यापर्यंत जाऊन यायचे तर दीड-दोन तास हाताशी हवेत. तेवढा थांबा नसेल तर ते ठिकाण लांबूनच बघायचे आहे असे समजा.

छोट्या बसमध्ये बहुधा स्वच्छतागृह नसते. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी थांब्यांची चौकशी आधीच करावी आणि औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. टोपी असलेले पावसाळी जाकीट आणि न घसरणारे बूट घ्या. जून ते ऑगस्टमध्ये मिज नावाची चिलटांसारखी बारीक चावरी कीड दमट, वारा नसलेल्या हवेत झुंडीने अंगावर येते. वारा सुटला की ती नाहीशी होते. तरी मलम आणि डोक्यावरची जाळी जवळ असू द्या. मे महिना त्यामानाने बरा, उजेडही रात्री नऊच्या पुढे टिकतो. डिसेंबरात उजेड जेमतेम सहा-सात तास.

एवढे सांगूनही म्हणेन, बसनेच जा. तिथले कित्येक रस्ते एका गाडीपुरतेच रुंद आहेत. समोरून वाहन आले की आमचा चालक आधीच हेरलेल्या रुंद जागेत बस घेई, समोरचा हात वर करून आभार मानी, मग आम्ही पुढे. हे रोजच्या सरावाचे काम आहे, नवख्या माणसाने उतारवयात त्यात पडू नये. मात्र हाताशी तीनच दिवस असतील तर ग्लेन्को आणि फोर्ट विल्यमपर्यंतची सहल घ्या, ती निवांत होते. स्काय चार-पाच दिवस मिळतील तेव्हाच करा.