कॅमेरा प्राथमिक घ्यावा कीं मध्यम?



चिखलोलीच्या धरणावरील बगळे किंवा अंबरनाथचें शिवमंदिर टिपावयाचें म्हटलें, कीं कॅमेरा कोणता घ्यावा हा प्रश्न घरांत निघतो. प्रश्न वडिलांच्या पैशाचा असल्यामुळें तो शांतपणें सोडविला पाहिजे.

आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांत भिंगांतून आलेला प्रकाश तिरक्या आरशावरून डोळ्याकडे वळतो. कळ दाबतांच आरसा वर जातो व तोच प्रकाश मागील संवेदकावर पडतो. निकॉनचे दोन नमुने घेऊं : डी ३५०० (सन २०१८) हा प्राथमिक, डी ७५०० (सन २०१७) हा मध्यम. दोहोंचे संवेदक एकाच वर्गाच्या मापाचे आहेत. इतकेंच नव्हे, तर चित्रबिंदू पहिल्यांत २ कोटी ४२ लक्ष आणि महागांत मात्र २ कोटी ९ लक्षच आहेत! तेव्हां केवळ बिंदूंच्या आंकड्यास भुलूं नये.

मग अधिक दाम कशाचें? प्रथम, दृष्टीचें. प्राथमिकांत डोळ्यास प्रतिमा लहान आरशांच्या जुळणीनें मिळते, मध्यमांत अखंड कांचेच्या लोलकानें. म्हणून ती अधिक उजळ असते. शिवाय पहिल्यांत लांबी व रुंदी शेंकडा सुमारें ९५ च दिसते. गुणाकार करून पाहा : क्षेत्रफळाचा जवळ जवळ दशांश न दिसतांच चित्रांत येतो. शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख असलेल्या आपल्या मंदिराची मूर्ति टिपतांना कडेला कोणाचा हात शिरला, तर तो मागाहून कळतो. मध्यमांत जवळ जवळ सर्व चौकट दिसते.

दुसरें, हाताचें. प्राथमिकांत चक्र एकच. तें कालासाठीं फिरवावें आणि प्रकाशद्वारासाठीं दुसरें बटण दाबून पुन्हां फिरवावें. तोंवर बगळा उडून जातो. मध्यमांत अंगठ्यास एक व तर्जनीस एक अशीं दोन चक्रें असतात. नेम धरण्याचे बिंदूहि ११ ऐवजीं ५१ आहेत, आणि लघुतम काल सेकंदाच्या ४,००० व्या भागाऐवजीं ८,००० वा.

तिसरें, सांधे बंदिस्त असल्यामुळें धूळ व पावसाची भुरभुर मध्यम यंत्र अधिक सोसतें. मात्र भिंगहि तसेंच हवें.

दुसरी बाजूहि पाहावी. प्राथमिकाचें वजन ३६५ ग्रॅम, मध्यमाचें ६४०. एका बॅटरींत पहिला सुमारें १,५५० चित्रें काढतो, दुसरा ९५०. स्थिर मूर्तीसाठीं तिपाई व धीर असल्यास दोघांच्या चित्रांत फारसा भेद राहत नाहीं.

म्हणून पालकांस विनंती, कीं मूल काय टिपतें तें आधीं पाहावें. मूर्ति व माणसें टिपणाऱ्यास प्राथमिक कॅमेरा, जुन्या बाजारांतील असला तरी, पुरेसा आहे. उरलेले पैसे चांगल्या भिंगास ठेवावे. उडत्या पांखरांपुढें व पावसांत ज्याचा हात यंत्रामुळें अडतो, त्यानेंच मध्यमाची मागणी करावी. आणि मुलांनो, आपली अडचण नेमकी कोणती हें ज्याला सांगतां येत नाहीं, त्यानें ती मागणी तूर्त पुढें ढकलावी.